तुपाच्या थेंबाखाली वाढलेली लस

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात धान्याची गोदामं एकमेकांना खेटून उभी होती. वर माणसं, खाली पोती आणि पोत्यांत उंदीर. याच वस्तीतल्या एका रुग्णाला तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांना जांघेतली गाठ आणि चढता ताप यांचा मेळ लागला आणि त्यांनी रोगाचं नाव घेतलं : प्लेग. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्यांच्या निदानाचं कौतुक सोडाच, ते चुकीचं ठरावं अशीच बऱ्याच जणांची इच्छा होती. प्लेग हा शब्द एकदा तारेनं लंडनला पोचला की युरोपातली बंदरं मुंबईच्या जहाजांना दारं लावणार, हे व्यापाऱ्यांनाही ठाऊक होतं आणि सरकारलाही. म्हणून सुरुवातीला काही काळ गाठीचा ताप असं सौम्य नाव चालवून पाहिलं गेलं. रोगाला त्यानं काही फरक पडला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कलकत्त्याहून एक छत्तीस वर्षांचा माणूस मुंबईत उतरला. मितभाषी, नीटनेटका, अविवाहित, व्हायोलिनचा शौकीन. तो डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. इंग्रज नव्हता, रशियन साम्राज्यातला ज्यू होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, लागून असलेला व्हरांडा, एक कारकून आणि तीन नोकर मिळाले. वाल्डेमार हाफकिन यांची मुंबईतली प्रयोगशाळा ती एवढीच.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. तिथल्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे गुरू लाभले. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून पुढे नोबेल मिळवणारे तेच मेचनिकॉव्ह. पण तो काळ झारशाहीविरुद्धच्या चळवळीचा होता आणि हा विद्यार्थी प्रयोगशाळेइतकाच चळवळीतही रमलेला होता. अटक झाली, तुरुंग झाला. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिलेल्यांत हाफकिन होते आणि त्यात ते जखमीही झाले. शिक्षण संपल्यावर प्राध्यापकी मिळण्याची वाट एकच होती, ती म्हणजे धर्म बदलणं. त्यांनी नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणी संग्रहालयात नोकरी धरली. १८८८ मध्ये ते जिनेव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी मेचनिकॉव्ह यांच्या पाठोपाठ पॅरिसला, पाश्चर संस्थेत. तिथे रिकामी जागा होती ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. दिवसा पुस्तकं आणि उरलेल्या वेळात जंतू, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या जंतूंतूनच पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस निघाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, गेला. युरोपात त्या वर्षी पटकी पसरत होती, तरी तिथे मोठ्या प्रमाणावर लस तपासायला कोणी पुढे येईना. तेव्हा पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन, जे आधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते, त्यांनी सुचवलं की पटकीचं घर बंगालात आहे, तिकडे जा.

१८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यात आले. सरकारी नोकर म्हणून नव्हे. परवानगी होती, बाकी भार स्वतःच्या खांद्यावर. पुढच्या अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या एका बस्तीत सुमारे दोनशेपैकी ११६ जणांनी टोचून घेतलं. नंतर पटकी आली आणि दहा जणांना झाली. दहाही जण न टोचलेल्यांतले.

या कामात त्यांना सर्वांत मनापासून कोणी बोलावलं असेल, तर ते आसामच्या चहामळेवाल्यांनी. त्यामागे भूतदया किती होती हे सांगणं कठीण, पण हिशेब निश्चित होता. छोटा नागपूर आणि आसपासच्या प्रदेशांतून मजूर गोळा करायचे, त्यांना आगगाडीनं, आगबोटीनं आसामात न्यायचं, यावर मळेवाल्यांचा मोठा खर्च होई आणि त्यातले कित्येक मळ्यावर पोचण्याआधीच पटकीनं मरत. मेलेला मजूर म्हणजे बुडालेली रक्कम, इतकी कोरडी ती नोंद होती. पण या कोरड्या नोंदीमुळेच लसीला दार उघडलं. साथीचा पैशाशी असलेला हा संबंध हाफकिन यांनी इथे पहिल्यांदा जवळून पाहिला. मध्यंतरी हिवतापानं त्यांची प्रकृती ढासळली, ते इंग्लंडला जाऊन आले आणि परत कामाला लागतात तोच मुंबईचं बोलावणं आलं.

मुंबईत त्या हिवाळ्यात जे चाललं होतं त्याला पळापळ हाच शब्द आहे. १८९१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८ लाख २१ हजार ७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती निघून गेली. बंदरावरून सुटणाऱ्या आगबोटी कोकणी माणसांनी भरून रत्नागिरीकडे जात, आगगाड्या घाटाकडे. प्लेगनं माणसं मरत होतीच, पण शहर थांबवलं ते प्लेगच्या भीतीनं. मांडवीतली दुकानं बंद, उधारी अडकलेली, गोदीत माल उचलायला हमाल नाहीत. गिरण्यांमध्ये तर उलटीच तऱ्हा झाली. एरवी मजुराला महिन्याचा पगार मिळे तोही उशिरा, म्हणजे मालकाकडे त्याचे पैसे नेहमी अडकलेले असत आणि तोच त्याला बांधून ठेवण्याचा दोर होता. आता उरलेल्या मजुरांनी रोजच्या रोज रोख मागितली आणि मालकांना ती द्यावी लागली. सकाळी नाक्यांवर गिरण्यांची माणसं उभी राहून मजुरांसाठी एकमेकांवर बोली लावू लागली. युरोपात चौदाव्या शतकातल्या काळ्या मृत्यूनंतर शेतमजुराचा भाव असाच वधारला होता. माणूस स्वस्त असतो तो पुष्कळ असतो म्हणून, हे साथ फार लवकर शिकवते. ही चढती मजुरी मात्र टिकली नाही. लोक परतले तसा दोर पुन्हा आवळला.

कोकणातल्या गावांचा हिशेब आणखी वेगळा होता. मुंबईहून येणाऱ्या पैशावर तिथली चूल पेटे. कमावता माणूसच घरी आला म्हटल्यावर पैसा थांबला आणि खाणारं तोंड वाढलं. त्याच वर्षी देशावर दुष्काळ होता.

बाहेरून दुसरा फास आवळला जात होता. मुंबईहून आलेल्या जहाजांना परदेशी बंदरांत विलगवास सक्तीचा झाला. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, तिच्यापुढे विषय एकच होता : हिंदुस्थानातून येणारा प्लेग. हिंदी मालावर सरसकट बंदी येईल की काय, या धास्तीनं सरकारनं ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा घाईघाईनं संमत केला. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट बंद झाली. घरांची झडती, रोग्याला उचलून इस्पितळात नेणं, घरच्यांना छावणीत ठेवणं, सामान जाळणं या सगळ्या सक्तीला रोगाइतकीच या व्यापारी धास्तीची फूस होती. पुण्यात त्या सक्तीचा शेवट कसा झाला हे मराठी वाचकाला सांगायला नको. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली.

हाफकिन यांना यातलं काहीच पटत नव्हतं. लोकांना पकडण्यापेक्षा टोचावं आणि टोचलेल्याला मोकळं फिरू द्यावं, इतकी त्यांची भूमिका साधी होती. फक्त त्यासाठी आधी लस हवी होती.

ती त्यांनी तीन महिन्यांत केली. त्यांची रीत मुंबईच्या स्वयंपाकघरातून आल्यासारखी आहे. मांसाच्या रसावर, आणि तोही बकऱ्याच्या मांसाचा, म्हणजे हिंदू-मुसलमान दोघांचा आक्षेप टळावा, हाफकिन तुपाचे थेंब सोडत. तूप वर तरंगे. प्लेगचे जंतू त्या थेंबांना खालून चिकटून वाढत आणि गुहेच्या छताला चुन्याचे लोंब लोंबावेत तसे रसात लोंबत राहत. भांडं हलवलं की लोंब तळाशी गळून पडत आणि तुपाखाली नवे धरत. असं काही आठवडे चालवून, जंतूंचं दाट पीक आलं की ते तासभर तापवून मारायचं आणि टिकावं म्हणून त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. पटकीची लस जिवंत जंतूंची होती, ही मेलेल्यांची. कामाचा ताण असा की एक मदतनीस मानसिक तोल जाऊन कोसळला, दोघे सोडून गेले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना देत त्याहून कितीतरी मोठी मात्रा. सडकून ताप भरला, टोचल्या जागी ठणका लागला, पण त्यांनी काम थांबवलं नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेनं तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली गेली. न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेलं कोणी नाही.

हे आकडे लहान होते. मोठे आकडे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणमध्ये मिळाले. तिथल्या ८,२३० लोकांपैकी २,१९७ जणांनी टोचून घेतलं आणि त्यांतले ३६ दगावले. न टोचलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ गेले. म्हणजे एका बाजूला शंभरात दोघंही नाहीत, दुसऱ्या बाजूला जवळजवळ पंचवीस. बडोद्याजवळच्या उंढेरा गावात फेब्रुवारी १८९८ मध्ये याहूनही काटेकोर पाहणी झाली. प्रत्येक घरातली साधारण अर्धी माणसं टोचायची, अर्धी तशीच ठेवायची. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. न टोचलेल्या ६४ जणांत २६ मृत्यू झाले, टोचलेल्या ७१ जणांत तीन. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही. पण लसीचा परिणाम खरोखर मोजायचा तर तुलना कशी करावी, हे त्या काळात इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांना सुचलं होतं.

मुंबईत लसीला पहिला मोठा आधार मिळाला तो तरुण आगाखान यांचा. त्यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं, माझगावातला आपला बंगला हाफकिन यांना वापरायला दिला आणि हजारो खोजा टोचून घ्यायला पुढे आले. व्यापारी जमातीनं लसीकडे असं वळावं यात आश्चर्य नाही. टोचल्याचा दाखला असला की छावणीतली अडकवणूक काही ठिकाणी टळे. अनेकांच्या दृष्टीनं त्या कागदाची किंमत रोगापासूनच्या बचावाइतकीच होती, कारण त्याच्यावर धंदा चालू राहत होता. दाखला नसलेल्यांना मात्र झडतीची धास्ती कायम होती. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात झडतीवरून दंगल पेटली आणि पाठोपाठ गोदी कामगार आणि गाडीवाल्यांनी काम बंद केलं. जे बंदर वाचवण्यासाठी सारा बंदोबस्त होता, तेच त्या बंदोबस्तानं ठप्प झालं. त्याच वर्षी स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टनं दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायला घेतले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्या प्लेगची अपत्यं. ज्यांची घरं पाडली त्यांतल्या बहुतेकांना नव्या घरांचं भाडं परवडणारं नव्हतं. ते शेजारच्या दाटीत आणखी दाटीनं राहू लागले. १९०१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ७ लाख ७६ हजार ६ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. आता मागणी देशभरातून येत होती, आणि सर्वांत मोठी पंजाबातून. लाखो लोकांना एका हंगामात टोचायचं होतं. तुपाखालची ती संथ वाढ एवढी मागणी पुरवू शकत नव्हती. हाफकिन यांनी रीत बदलली. जंतू अगार या घट्ट माध्यमावर झपाट्यानं वाढवायचे, तापवून मारायचे आणि कार्बोलिक वगळायचं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही असंच होत होतं. घाई होती, पण ती अविचाराची नव्हती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. आठवड्याभरात त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. त्या बाटलीचा क्रमांक ५३-एन.

चौकशी समिती नेमली गेली. तिच्या अध्यक्षस्थानी मुंबईचे मुख्य न्यायाधीश होते. बाटली परळलाच दूषित झाली आणि कार्बोलिक वगळणं ही घोडचूक होती, असा तिचा कौल पडला. हाफकिन निलंबित झाले. १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले, तेव्हा ज्या लसीनं नाव झालं तिनंच ते पुसलं होतं. गाव मुलकोवालमध्ये बाटली उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला, ही बाब कागदोपत्री होती. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. बाटली उघडल्यावर लसीला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर ती आली असती. आणि विष आधीच तयार असतं तर लक्षणं इतक्या दिवसांनी नव्हे, लगेच दिसली असती. म्हणजे जंतू शिरले ते त्या सकाळी, मुलकोवालमध्ये. हे मुद्दे शोधायला नव्या प्रयोगांची गरज नव्हती, जबाब नीट वाचण्याची होती.

हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी हा प्रश्न हाती घेतला. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झालं. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. फ्रान्समधल्या ड्रेफस प्रकरणाची आठवण अनेकांना झाली. तिथेही एका ज्यू माणसावर अशीच घाईनं ठपका ठेवला गेला होता. सरकारनं हाफकिन यांना दोषमुक्त केलं आणि पुन्हा नोकरी देऊ केली.

मधल्या पाच वर्षांचं मोल पंजाबानं चुकवलं. मुलकोवालनंतर लसीवरचा विश्वास उडाला आणि मोठी मोहीम बारगळली. एकट्या १९०७ मध्ये हिंदुस्थानात प्लेगनं दहा लाखांहून अधिक माणसं नेली, त्यातली निम्म्याच्या आसपास पंजाबातली. १९०१ ते १९११ या दशकात त्या प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. नवे कालवे निघाले होते, जमीन पाण्याखाली येत होती आणि शेतमजुरांची चणचण भासून मजुरी चढत होती. मुंबईच्या नाक्यांवरचा तोच बाजार गव्हाच्या शेतांवर भरला. लस चालू राहती तर यातली किती माणसं वाचली असती हे मोजता येणार नाही, पण दमणचे आकडे समोर होते.

याच काळात परळच्या त्याच इमारतीत प्लेगचं उरलेलं कोडंही सुटलं. उंदरावरची पिसू रोग पसरवते असं पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं होतं, पण ते फारसं कोणी मनावर घेतलं नव्हतं. १९०५ नंतर मुंबईतल्या संशोधकांनी ते पक्कं केलं. म्हणजे माणसांना स्थानकांवर उतरवून बगला-जांघा तपासल्या जात होत्या आणि पिसवा मात्र धान्याच्या पोत्यांत बसून तिकिटाशिवाय गावोगाव जात होत्या. सरकारनं माणसं अडवली, माल जाऊ दिला. व्यापार वाचवण्याच्या धडपडीत रोगाचं वाहनच मोकळं राहिलं. हे उलगडलं तेव्हा हाफकिन परळला नव्हते.

ते परत आले ते कलकत्त्याला. हाताशी प्रयोगशाळा होती, पण माणसांवर लस तपासण्याची मुभा नव्हती. १९१५ च्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात गेले. ज्यांनी त्यांना पूर्वी पाहिलं होतं त्यांना ते अधिकच एकटे वाटत. धर्माकडे त्यांचा ओढा वाढला. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव मिळालं. तोवर तिथून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात हाफकिन यांचं निधन झालं. मागे कुटुंब नव्हतं. साठवलेली सारी पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांना, म्हणजे धार्मिक शिक्षण देणाऱ्या विद्यालयांना, ठेवली. अट एवढीच घातली की तिथल्या मुलांना धर्मग्रंथांबरोबर विज्ञान आणि पोट भरण्याजोगा एखादा हातचा धंदाही शिकवावा.